कारागिराला खुर्ची नको असेल तर?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

सत्र संपत आलं की इंटिरियर शिकणाऱ्या मुलामुलींची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली दोन घेतली आहेत, शिवाय एक पत्र एका पालकांचं आणि एक सुतार मिस्त्रींचं आहे.

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात इंटिरियरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘छोटी व्यावसायिक जागा आणि तिचं फर्निचर’ असा प्रोजेक्ट आहे. मी सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिरांची जागा घेतली. १० बाय १४ फूट, मागं काम, पुढं दुकान. ते जमिनीवर बसून काम करतात, म्हणून मी टेबल ७५० मिमी आणि खुर्ची ४५० मिमी उंचीची काढली. शीटवर मोड्युलरचा माणूसही (वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्या मापपद्धतीतला नमुना माणूस) दाखवला. ड्रॉइंग बघून ते म्हणाले, ‘पोरी, छान आहे, पण मी यावर बसणार न्हाई.’ सर म्हणतात, हळूहळू सवय लागेल. ज्युरीला, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांना, काय सांगू?

उत्तर : ज्युरीचं नंतर बघू. आधी त्यांच्याकडं परत जा आणि त्यांचे हात सोडून पाय बघ.

कोल्हापुरी चप्पल करणारा कारागीर हातांइतकंच पायांनी काम करतो. तळ शिवताना एका हातात आरी असते, दुसऱ्या हातात चामड्याची वादी. मग तळ धरतं कोण? गुडघे आणि पावलं. टाका ओढला की तळ थोडा फिरवायचा, पुन्हा दाबून धरायचा, पुन्हा टाका. तू त्यांना खुर्चीवर बसवलंस की ही पकड गेली. तिच्या जागी टेबलाला शिकंजा लावलास तर दर दोन टाक्यांना तो सैल करून पुन्हा आवळावा लागेल. दिवसाला किती जोड होतात यावर घर चालतं त्या माणसाला हे परवडणार नाही. त्यांनी नकार दिला तो कामाचा हिशेब करून दिला आहे. ‘सवय लागेल’ हे त्या हिशेबाला उत्तर होत नाही.

पण म्हणून जमिनीवरची बैठक आहे तशी सोडून द्यायची, असंही माझं म्हणणं नाही. पुढं वाकून वर्षानुवर्षं बसलं की कंबर आणि मान धरते, उठताना गुडघे बोलतात. त्यांना विचारलंस तर स्वतःच सांगतील. तेव्हा प्रश्न असा मांड : पाय मोकळे ठेवून पाठीला आधार कसा देता येईल?

इथं मोजपट्टी काढ. मोड्युलरचा माणूस १.८३ मीटर उंच आहे, म्हणजे सहा फूट. तुझे कारागीर किती उंच आहेत, ते मोजलंस का? आपल्याकडच्या लोकांच्या शरीराची मापं अहमदाबादच्या एनआयडीनं (राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं) १९९७ मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली आहेत, कॉलेजच्या ग्रंथालयात माग. तरीही एका माणसासाठी जागा करतेस तेव्हा त्या माणसाचीच मापं घे. बसल्यावर कोपर बैठकीपासून किती वर येतं (साधारण २० ते २५ सेंमी भरेल), मांडी घातल्यावर दोन गुडघ्यांत किती रुंदी लागते, कोपर अंगाशी ठेवून हात फिरवला तर कुठवर पोचतो. हत्यारं त्या शेवटच्या मापाच्या आत हवीत : रापी (चामडं कापायचं हत्यार), आरी, ठोकणी, पाण्याचं भांडं. ठोकायचा दगड कोपराच्या बराच खाली हवा, नाहीतर खांदा उचलून ठोकावं लागतं. बैठक पाटासारखी, १०० ते १५० मिमी उंच, पुढं किंचित उतार, मागं कमरेच्या उंचीवर टेकायला फळी. माझा अंदाज असा आहे. खरं माप तिथं बसवून बघितल्यावरच ठरेल.

आता खिडकी. तिचा खालचा कठडा आपण तीन फुटांवर धरतो, कारण त्याखाली टेबल बसतं. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे अडीच फुटांच्या आसपास असतात. म्हणजे खिडकीलगत बसूनही कठड्याची सावली नेमकी त्याच्या मांडीवर पडते आणि वारा डोक्यावरून निघून जातो. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास मात्र खालीच कोंडतो. इतकी वर्षं त्या जागेत राबणाऱ्या माणसासाठी तू एक खिडकी फूटभरावर आणलीस, तर तेवढ्या एका रेषेसाठी मी तुला चांगले मार्क देईन. रस्त्याच्या बाजूला जमत नसेल तर खाली जाळीचा झरोका दे. दिवा डोक्यावर नको. हलवता येणारा, उजव्या हाताच्या माणसाला डावीकडून येणारा हवा. ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. गडद चामड्यावरचा बारीक टाका बघायला त्याहून बराच जास्त उजेड लागतो.

आणखी एक चौकशी कर. चपलेचं सगळं काम या एकाच खोलीत होतं का? वेणी घालणं, शिलाई अशी कामं पुष्कळदा घरातल्या बायका करतात, घरकाम सांभाळून, उंबऱ्याजवळ उजेड बघून. तुझ्या प्लॅनमध्ये एकच माणूस बसलेला आहे. दुसरी बैठक कुणाची आणि कुठं, हे विचारल्याशिवाय प्लॅन पुरा होत नाही.

दुकानाचं थोडक्यात. बंद काचेचं शोकेस देऊ नकोस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते. पट्ट्यांची उघडी मांडणी दे, भिंतीपासून दोन बोटं सुटी. आरसा पावलाच्या उंचीवर हवा. गिऱ्हाईक बसून चप्पल घालतं, त्यासाठी एक स्टूल पुरे.

ज्युरीपुढं पहिलं शीट थ्रीडी व्ह्यूचं लावू नकोस. कारागिरांचा बसलेला सेक्शन (जागा उभी कापल्यासारखी दाखवणारं ड्रॉइंग) लाव, मापांसकट. त्यापुढं टाकाऊ प्लायमध्ये खऱ्या मापाची बैठक ठोकून घे आणि त्यांना अर्धा दिवस त्यावर काम करायला दे. त्या अर्ध्या दिवसात त्यांचं जे काम बुडेल त्याचे पैसे दे. प्रिंटचा खर्च धरतेस तसाच हाही धर. मग ते काय म्हणाले, कुठं टोचलं, तू काय बदललंस, हे दुसऱ्या शीटवर मांड. त्यांनी यालाही नको म्हटलं तर तेही लिही, कारणासकट. सर ‘सवय लागेल’ म्हणाले तर नम्रपणे त्यांना सुभाषनगरला घेऊन जा.

प्रश्न : माझी साइट शाहूपुरीतलं एक होलसेल दुकान आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिथं पाणी आलं होतं. इंटिरियरच्या प्रोजेक्टमध्ये पुराचा विचार करायचा का? मित्र म्हणतात, ते सिव्हिलवाल्यांचं काम.

उत्तर : करायचाच. पुरानंतर रस्त्यावर फुगलेल्या कपाटांचे ढीग पडले होते, ते सगळं इंटिरियरचंच काम होतं.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या) तळमजल्यावर वापरूच नको. कडेनं पाणी पितात, फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. प्लाय घेशील तर साधा कमर्शियल नको. पाण्यात टिकणारा, आयएस ७१० चा शिक्का असलेला घे आणि कापलेली प्रत्येक कड बंद कर. खालच्या दीड-दोन फुटांत लाकूड टाळता आलं तर उत्तम : कडप्प्याच्या उभ्या फरश्या किंवा लोखंडी पाय.

पण ऑगस्ट २०१९ सारखं पाणी चढलं तर मटेरियलनं निभावत नाही, सामान उचलावंच लागतं. आणि इथं विद्यार्थी वजनाचा विचारच करत नाहीत. १८ मिमी प्लायचा ८ बाय ४ चा एक शीट साधारण ३० ते ३५ किलो भरतो. तीन शीटचं कपाट म्हणजे जवळजवळ एक क्विंटल, आत माल नसताना. पंचगंगेचं पाणी वाढतंय, दुकानात मालक आणि एक गडी, अशा वेळी ते कपाट हलत नाही. म्हणून फर्निचर सुटं कर. बोल्टानं जोडलेले भाग, एकेक भाग दोघांना पोटमाळ्यावर नेता येईल एवढाच. पोटमाळ्याचा जिना त्या भागाच्या रुंदीचा आहे का, ते तपास. वह्या, कॉम्प्युटर, वजनकाटा यांची रोजची जागाच वर ठेव. विजेचे बोर्ड उंचावर घे आणि खालच्या पॉइंटना वेगळा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) दे. दुकानदाराला विचार, त्या वेळी काय वाचलं आणि काय गेलं. भिंतीवर पाण्याची खूण अजून असेल तर ती उंची तुझ्या सेक्शनवर आडव्या रेषेनं दाखव. सगळं डिझाइन त्या रेषेवरून ठरू दे.

प्रश्न : मुलाला इंटिरियरसाठी महागडा लॅपटॉप हवा आहे. घेऊन द्यावा का?

उत्तर : पहिल्या वर्षी नको. पाच मीटरची चांगली टेप, गुण्या, वही आणि पेन्सिल द्या. रेंडरिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी चित्रं काढायचं, काम तिसऱ्या-चौथ्या सत्रात वाढतं, तेव्हा गरज बघून घ्या.

प्रश्न : ताई, मी तीस वर्षं सुतारकाम करतोय, कागलकडं. कॉलेजची पोरं मॉडेल करायला येतात. ड्रॉवर खणाएवढाच रुंद काढलेला असतो, प्लायची जाडी धरलेली नसते, मापं अशी की अर्धा शीट वाया. सांगायला गेलं तर म्हणतात, ‘मिस्त्री, ज्युरीला असंच द्यायचंय.’ यांना कसं समजवायचं?

उत्तर : मिस्त्री, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती मुलांनी वाचावी म्हणूनच छापली आहे.

मुलांनो, ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकायची धातूची पट्टी) लागतो. एकेका बाजूला साधारण १३ मिमी, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत चार सूत. दोन्ही मिळून एक इंच. खण १८ इंच असेल तर ड्रॉवर बाहेरून १७ इंच. चार खणांचं ऑफिस टेबल काढलंत आणि हे विसरलात, तर चारही ड्रॉवर पुन्हा कापावे लागतात. १८ मिमीच्या प्लायला दोन्ही बाजूंनी १ मिमी सनमायका लावला की तो २० मिमी होतो. खणाचं माप काढताना २० धरा.

आणि शीट. रुंदी १२२० मिमी. काउंटर ६०० खोलीचा असेल तर एका शीटमधून दोन पट्ट्या निघतात, करवतीची जाडी जाऊनही. तोच ६५० केलात तर एकच निघते आणि उरलेल्या पट्टीचं काय करायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं. ६५० ची खरंच गरज असेल तर जरूर करा, उरलेल्या पट्टीत फळ्या बसवा. पण ते कटिंगच्या नकाशावर आधी दाखवा. मालकाचं एस्टिमेट तिथंच ठरतं. कामाच्या जागेच्या प्रोजेक्टमध्ये पैसा हा डिझाइनचाच भाग आहे, कारण दुकान उघडायला निघालेला माणूस बहुधा कर्ज काढून निघालेला असतो.

मिस्त्री, एक सुचवते. उद्यमनगरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या मुलांना मी आधी एकच ड्रॉवर स्वतःच्या हातानं करायला देते. मापं त्यांचीच. तो खणात बसला नाही की समजावण्याची गरज उरत नाही, पोरं आपणहून टेप मागतात. तुम्हीही करून बघा. प्लायचा तुकडा, चॅनेलची जोडी आणि तुमच्या वेळेची मजुरी मुलांकडून घ्या, संकोच करू नका. आणि प्रिंट काढून झाल्यावर येऊ नका, पेन्सिलीत असतानाच ड्रॉइंग घेऊन या, असं त्यांना स्पष्ट सांगा. वार तुम्हीच ठरवून द्या, म्हणजे साइटचं काम अडणार नाही.