सगळ्या मिळकतीवर 3 टक्के फी द्यायची का?

प्रश्न: वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, आजी (वडिलांची आई), मी आणि धाकटा भाऊ. वडिलांनी स्वतः घेतलेला पुण्यातला फ्लॅट साधारण 90 लाखांचा, डीमॅटमध्ये 22 लाख (नॉमिनी नाही), 9 लाखांची एफडी (नॉमिनी भाऊ). वकील म्हणतात, ‘सगळ्याचं सक्सेशन करून देतो, पैसे आले की 3 टक्के द्या.’ द्यावेत का?

उत्तर: देऊ नका. हे 3 लाख 63 हजार होतात, आणि कोर्टाची पायरी नक्की चढावी लागेल ती फक्त डीमॅटसाठी. मिळालेल्या रकमेत टक्का घेणं वकिलांच्या आचारसंहितेतही बसत नाही. ठरावीक फी लेखी घ्या.

एफडीला नॉमिनी आहे. मृत्यूचा दाखला, क्लेम फॉर्म, भावाची ओळखपत्रं एवढ्यावर काम होतं. मुदतीआधी मोडली तरी दंड नाही. मात्र नॉमिनी मालक नसतो. पैसे सगळ्या वारसांचे.

नॉमिनीविना डीमॅट 15 लाखांच्या वर असल्याने सक्सेशन सर्टिफिकेट (वारसांना मृताचे पैसे-शेअर घ्यायचा अधिकार देणारा कोर्टाचा दाखला) लागेल. महाराष्ट्रात त्याचं कोर्ट शुल्क जास्तीत जास्त 75,000 रुपये. घोळ होतो तो अर्जाच्या परिशिष्टात, म्हणजे शेअरच्या यादीत: आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा ओळख क्रमांक) चुकतो, किंवा मधल्या काळात बोनस येऊन शेअर वाढतात आणि डीपी (डीमॅट खातं सांभाळणारी बँक किंवा ब्रोकर) कागद परत पाठवतो. स्टेटमेंट ताजं काढा, न वटवलेले लाभांशही त्यातच घाला.

फ्लॅटला हे सर्टिफिकेट चालत नाही, ते येणी आणि रोख्यांपुरतंच असतं. तिथे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. तेवढ्यावर सोसायटी अडली, तर कोर्टाचा वारस दाखला.

आता खरी घाई कशाची ते सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजीही पहिल्या वर्गातली वारस, म्हणजे प्रत्येक गोष्टीत तिचा चौथा हिस्सा. तिच्यामागे तो हिस्सा काका-आत्यांनाही वाटला जाईल (तुम्हा भावंडांना त्यात वडिलांपुरतंच मिळेल), आणि मग फ्लॅट विकायला त्या सगळ्यांच्या सह्या. तिची इच्छा असेल तर हक्कसोडपत्र आत्ताच करा. चालता येत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात. त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, उद्या कुणी ‘तिला समजत नव्हतं’ म्हणू नये. हिस्सा सोडायचा नसेल, तर तो तिचा हक्क आहे. गळ घालू नका, नावावर लावून द्या.