कापसाचे दोन लाख आणि घोड्यांची एक्सेल शीट

प्रश्न : कापूस विकून २ लाख रुपये हाती आलेत. पीककर्ज १ लाख २० हजार बाकी आहे. तीन महिन्यांपासून इंग्लंडमधल्या शर्यतींचे निकाल एक्सेलमध्ये भरतोय. ४ च्या भावाच्या फेव्हरिटविरुद्ध (जिंकण्याची सर्वाधिक शक्यता धरलेला घोडा), म्हणजे तो हरेल असा ‘ले’ सौदा, दर वेळी १०० रुपयांचा धरला, तर २४० पैकी १९० वेळा घोडा हरला. आता शीट सॉफ्टवेअरला जोडून एक्स्चेंजवर, म्हणजे लोक एकमेकांविरुद्ध पैजा लावतात त्या वेबसाइटवर, आपोआप पैसे लावू का? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

उत्तर : लावू नका. तुम्ही सगळे निकाल इमानदारीनं भरलेत, म्हणून तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

घोडा हरला की ५ टक्के कमिशन जाऊन ९५ मिळतात, जिंकला की ३०० जातात (४ चा भाव म्हणजे १०० चे मुद्दलासह ४००). १९० वेळचे १८,०५० आले, ५० वेळचे १५,००० गेले, नफा ३,०५०. यातले फक्त आठ निकाल उलटे धरा : १७,२९० आले, १७,४०० गेले. २४० शर्यतींत सहा-सात निकाल निव्वळ योगायोगानं इकडचे तिकडे होतात. म्हणजे हा नफा पद्धतीचा की नशिबाचा, हे एवढ्या नोंदींवरून कळतच नाही. त्यासाठी एकच नियम न बदलता निदान आठ-नऊशे शर्यती लागतील.

दुसरी चूक भावाच्या रकान्यात असण्याची शक्यता मोठी आहे. निकालासोबत छापतात तो बुकमेकरांचा स्टार्टिंग प्राइस, म्हणजे शर्यत सुटतानाचा भाव. त्यातला ३/१ म्हणजे एकावर तीन नफा, मुद्दल धरून ४. एक्स्चेंजवर त्याच घोड्याविरुद्ध लावताना भाव बहुधा चढा असतो. ४.४ धरला की प्रत्येक फटका ३४० चा होतो आणि नफा १,०५० वर येतो. ऐनवेळी एखादा घोडा मागे घेतला तर बाकीच्यांचे भाव घटतात, डेड हीटचा, म्हणजे दोन घोडे बरोबरीत आले तर, हिशेबही वेगळा होतो. त्यांचे रकाने नसतील तर शीट खोटा नफा दाखवते.

आपोआप चालवण्यात आणखी धोका आहे. आधीच्या शर्यतीची आज्ञा सेलमधून पुसली गेली नाही तर तीच पुढच्या शर्यतीत लागते. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. त्यात लाइट गेली तर आधी लावलेला सौदा मिटवणारी उलटी बोली जातच नाही.

कायद्याचा अडसर तर याहून मोठा. लॉटरी, स्वीपस्टेक्स अशा गोष्टींसाठी परदेशात पैसे पाठवायला फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांत मनाई आहे. म्हणून गावोगावचे एजंट पैजा लावायला ‘आयडी’ (लॉगिन) देतात आणि यूपीआयनं कुणाच्याही खात्यात पैसे घेतात. त्या खात्यावर सायबर तक्रार झाली तर साखळीतलं तुमचं खातंही गोठू शकतं, आणि कापसाचे पैसे, पीएम किसानचा हप्ता त्याच खात्यात येतो. शर्यतीतल्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, खर्चाची वजावट नाही.

आधी पीककर्ज मुदतीत फेडा. मुदत पाळली तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं; मुदत हुकली की ही सवलत जाते. उरलेल्या ८० हजारांपैकी ५० हजार जूनच्या बियाणं-खतासाठी मे अखेर संपणाऱ्या मुदत ठेवीत टाका. ३० हजार दवाखान्यासारख्या अडीनडीला बचत खात्यात असू द्या. शीट कागदावर खुशाल चालवा, फक्त भाव एक्स्चेंजचा भरा. एजंटाकडे पैसे आधीच गेले असतील आणि तो ते देत नसेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच तक्रार करा.