पंखा फिरतोय, पण जाळ उठत नाही : पेलेट चुलीची प्रश्नोत्तरे

प्रश्न (परभणी) : पंख्याची पेलेट चूल (भुसा-भुसकट दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, जाळणारी) दोन वर्षं वापरतोय. पंख्याचा आवाज नेहमीसारखा आहे, पेलेटही तीच. पण जाळ लाल निघतो, भांडी काळी होतात, धूर डोळ्यांत जातो. भाकरीचा तवा तापतच नाही.

उत्तर : लाल जाळ, काजळी आणि धूर एकत्र दिसले की वरची हवा कमी पडतेय. या चुलीत हवा दोन वाटांनी येते. जाळीखालून येणारी हवा पेलेटमधून जळाऊ वायू काढते, आणि वरच्या कडेच्या भोकांतून येणारी हवा तो वायू जाळते. भोकं चिकट काजळीनं बुजली की वायू न जळता धूर होऊन निघून जातो.

चूल पूर्ण थंड होऊ द्या. सायकलच्या चाकाची जुनी तार घेऊन एकेक भोक मोकळं करा. ड्रिल अजिबात लावू नका. भोक मोठं झालं की झोत मंदावतो, हवा वायूत नीट मिसळत नाही आणि धूर कायमचा मागे लागतो. मग पंखा काढून पात्यांवरची राख कोरड्या ब्रशनं झाडा. राखेचा कप्पा रिकामा करा. राख जाळीला टेकली की खालची वाटही बंद होते.

एवढं करूनही जाळ उठला नाही तर कप्प्याचं दार तपासा. थंड चुलीत पंखा चालू ठेवून दाराच्या फटीशी पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथं बाहेर ढकलला जातो तिथून हवा निसटतेय. तिथं उष्णता सोसणारी दोरी बसवा. रबर जळून जातं.

प्रश्न (बीड) : लोडशेडिंगमुळे पंखा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवतो. सकाळी जाळ चांगला, संध्याकाळी बसलेला. पंखा तर फिरत असतो.

उत्तर : फिरतो, पण हवा ढकलत नाही. 12 व्होल्टच्या पंख्याला 9 व्होल्ट मिळाले तर वेग साधारण पाऊण राहतो. दाब मात्र वेगाच्या वर्गानं घटतो, म्हणजे जेमतेम 56 टक्के उरतो. पेलेटच्या थरातून हवा वर चढवायला हा दाबच लागतो.

पंखा चालू ठेवून मल्टिमीटर आधी बॅटरीवर आणि मग पंख्याच्या तारांवर लावा. बॅटरीवर 12.4 आणि पंख्यावर 9.5 दिसलं तर बॅटरी बदलण्याचा खर्च करू नका. दोष गंजलेल्या पिनेत, सैल जोडात किंवा बारीक तारेत आहे. बॅटरीचंच मोजमाप पंखा बंद करून, तासाभरानं घ्या : लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर 12.6 च्या पुढे, 11.8 म्हणजे जवळजवळ रिकामी. दुरुस्तीनंतर त्रास सुरू झाला असेल तर लाल-काळी तार उलटी लागलीय का पाहा. काही पंखे उलटेही फिरतात आणि ऐकून ते कळत नाही.

प्रश्न (औसा) : सोयाबीनच्या भुसकटाची पेलेट स्वस्त मिळाली. वीस मिनिटांत जाळ बसतो आणि जाळीवर दगडासारखे गोळे सापडतात.

उत्तर : वीटभट्टीत जसा खंगर होतो, तसाच हा राखेचा खंगर. पिकाच्या काडीतल्या पोटॅशमुळे राख कमी उष्णतेतच वितळते. भुसकट गोळा करताना त्यात माती आली तर आणखी भर. वितळलेली राख जाळीची भोकं बंद करते.

गोळे गरम असताना उपटू नका, जाळी वाकते. थंड झाल्यावर स्क्रू ड्रायव्हरनं सोडवा. उरलेली पेलेट लाकडाच्या भुशाच्या पेलेटमध्ये निम्मी-निम्मी मिसळा आणि पेट घेतल्यावर पंखा मध्यम वेगावर ठेवा. पुढचं पोतं घेण्याआधी 100 ग्रॅम पेलेट पूर्ण जाळून राख तोला. 5 ग्रॅमच्या आत असेल तर घ्या. 10 च्या पुढे गेली तर स्वस्त असली तरी नको. पऱ्हाटीची पेलेट घेतानाही हीच परीक्षा करा, कारण मुळासकट उपटलेल्या पऱ्हाटीबरोबर माती येतेच.

प्रश्न (हिंगोली) : पावसाळ्यात पेलेट फुगली. वाळवून वापरता येईल का?

उत्तर : या चुलीत नाही. फुगलेली पेलेट वाळली तरी भुगा होते आणि भुगा हवेच्या फटी बुजवतो. ती साध्या चुलीत जाळा. चांगली पेलेट हातानं मोडताना कट्कन तुटते. पोतं फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज लागेल तेवढी चाळणीनं चाळून झाकणाच्या डब्यात काढा.

प्रश्न (नांदेड) : शेवटी जाळ अगदी आखूड आणि निळा होतो. तेव्हा मूठभर पेलेट टाकली की नुसता धूर. काय बिघडलंय?

उत्तर : चूल बिघडलेली नाही. पेलेटमधला वायू संपून कोळसा उरला की जाळ असाच होतो. वरून टाकलेली पेलेट लगेच वायू सोडते, पण तो पेटवायला जाळ उरलेला नसतो. म्हणून स्वयंपाकाला लागेल तेवढी पेलेट सुरुवातीलाच भरा, वरच्या भोकांच्या दोन बोटं खालपर्यंत, आणि वरूनच पेटवा.

हा निळा जाळ दिसताना खोली कधीही बंद ठेवू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूर नाही आणि झोपेतल्या माणसाचा जीव जातो. थंडीत ऊब मिळावी म्हणून अशी चूल आत नेऊ नका. स्वयंपाक झाला की निखारे चिमट्यानं पत्र्याच्या डब्यात काढा, घट्ट झाकण लावा आणि डबा अंगणात ठेवा. तापलेल्या चुलीत पाणी ओतू नका, आतलं भांडं तडकतं.