वाचकांचे प्रश्न : सॉ बंद केल्यावरही ब्रेक सुटला

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा फर्निचरचा लहान कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाहेरून मागवलेला, बोटाचा स्पर्श होताच पाते थांबवणारा टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापणारे यंत्र) घेतला. मागच्या महिन्यात आमच्या हेल्पर मुलाने काम संपवून बटण बंद केले आणि पाते थांबत आले असे समजून त्याची उंची मोजण्यासाठी स्टीलची पट्टी लावली. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि पाते टेबलाखाली गेले. विक्रेत्याने ब्रेकच्या कार्ट्रिजचे १४,०००, पात्याचे ५,५०० आणि ‘तपासणी व जोडणी’चे ६,००० असे एकूण २५,५०० रुपये सांगितले आहेत. यंत्र बंद असताना ब्रेक सुटतोच कसा? हा खर्च योग्य आहे का? आणि माझे भागीदार म्हणतात त्याप्रमाणे ही रक्कम मुलाच्या पगारातून कापावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बटण बंद केले म्हणजे मोटारीचा वीजपुरवठा थांबला, एवढेच झाले. स्पर्श ओळखणारी संवेदक यंत्रणा पाते फिरत असेपर्यंत चालूच असते, आणि ती तशी असावी असाच या यंत्राचा हेतू आहे, कारण स्वतःच्या वेगाने घरंगळत फिरणारे पातेही बोट सहज कापू शकते. या पात्यावर एक अतिशय क्षीण विद्युत संकेत सतत सोडलेला असतो. लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे कापताना संकेतात फरक पडत नाही; मानवी शरीर मात्र तो स्वतःकडे ओढून घेते आणि यंत्रणेला तो बदल लगेच जाणवतो. मुलाने स्टीलची पट्टी हातात धरली होती. म्हणजे पात्याच्या दृष्टीने पट्टीचे टोक हे त्याच्या बोटाचेच टोक होते. यंत्रात दोष नाही. उलट आपला सॉ ठणठणीत असल्याचा हा पुरावा समजावा, थोडा महागडा असला तरी.

स्टीव्ह गॅस या अमेरिकी पेटंट वकिलाने, जे भौतिकशास्त्राचेही अभ्यासक होते, १९९९ साली हे तंत्र विकसित केले आणि पुढे सॉस्टॉप या नावाने त्यावर आधारित सॉ बाजारात आले. संकेत बदलताच एक बारीक तार वितळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दात्यांमध्ये घुसतो. हे सारे ५ मिलिसेकंदांच्या आत उरकते. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या पात्याला एक फेरा पूर्ण करायला १५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ते फेऱ्याच्या तिसऱ्या भागातच अडते, आणि अडलेल्या पात्याच्या जोरानेच पाते बसवलेला सारा जोड टेबलाखाली ओढला जातो. आपण ऐकलेला आवाज तो.

आता खर्चाकडे येऊ. हा ठोकळा, स्प्रिंग आणि तार ज्या डबीत असतात ते कार्ट्रिज एकदाच वापरता येते. ते उघडून दुरुस्त करून देतो असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे लक्ष देऊ नये. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १०० डॉलर, म्हणजे आजच्या दराने नऊ हजारांच्या आसपास आहे. त्यावर विमानभाडे, सीमाशुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा धरला तर १४,००० हा आकडा कडक असला तरी लबाडीचा नाही. शरीराचा स्पर्श होऊन सुटलेले कार्ट्रिज परत पाठवल्यास त्यातील नोंद तपासून नवे मोफत देण्याची सॉस्टॉपची पद्धत आहे, पण पट्टी लागून सुटलेल्याला तो लाभ मिळत नाही.

पात्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ठोकळ्यात रुतलेले टीसीटी (दात्यांना कार्बाइड या कठीण पदार्थाची टोके असलेले) पाते हातोडीने मोकळे करून पुन्हा चढवण्याचा मोह अनेक कारागिरांना होतो. आपल्या घटनेत वेग उतरलेला होता, त्यामुळे पाते वरवर पाहता धडधाकट दिसेल. परंतु कार्बाइडचा दाता कडक असतो तसाच ठिसूळही असतो. त्याला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही. दहा इंची पात्याचा दाता पूर्ण वेगात ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धावत असतो, आणि तो निखळला तर समोर उभ्या माणसाचा चेहराच त्याच्या वाटेत येतो. पाते फार किमती असेल तर धार लावणाऱ्या चांगल्या कारखान्यात त्याची वाक आणि प्रत्येक दाता तपासून घ्यावा, निकामी दाते बदलून घ्यावेत. ५,५०० रुपयांच्या पात्यासाठी मात्र मी ही यातायात करणार नाही.

‘तपासणी व जोडणी’चे ६,००० रुपये मात्र देऊ नयेत. हे काम आपला मिस्त्री पाऊण तासात करू शकतो. प्लग काढावा, उंचीचे चाक फिरवून जोड पूर्ण खाली न्यावा म्हणजे तो पुन्हा जागेवर अडकतो, मग वर आणावा. नट सोडवून पाते आणि कार्ट्रिज एकत्रच बाहेर काढावे, कारण ती दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांना यंत्रातच वेगळे करण्याच्या खटाटोपात शाफ्टला इजा होते. नवे कार्ट्रिज बसवल्यावर ठोकळा आणि दाते यांच्यात साधारण दीड ते तीन मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. शेवटी पाते हाताने फिरवून शाफ्ट डुलतो का ते पाहावे आणि गुण्या लावून पाते टेबलाशी काटकोनात आहे याची खात्री करावी. पाते स्थिर असताना गुण्या लावायला काहीच हरकत नाही, हेही त्या मुलाला याच वेळी दाखवावे.

पगारकपातीच्या बाबतीत भागीदारांना दोन गोष्टी सांगाव्यात. कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीची वसुली वेतनविषयक कायद्याला मान्य आहे, पण कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही आणि ती प्रत्यक्ष नुकसानापेक्षा जास्त असता कामा नये. दुसरे असे की, पाते पूर्ण थांबेपर्यंत टेबलाजवळ धातूची वस्तू नेऊ नये, हे त्याला कोणी सांगितले होते का? आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही. न सांगितलेल्या गोष्टीला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही, आणि पैसे कापले गेलेला मुलगा पुढच्या वेळी चूक लपवील, ती टेबल सॉवर लपवणे फार वाईट. मोजमापासाठी लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी यंत्रालाच दोरीने बांधून ठेवावी. तिची किंमत वीस रुपये आहे.

प्रश्न : पेठ भागातून आलेले ओले साग पावसाळ्यात चिरताना आमचा असाच सॉ दोनदा थांबला. लाकडानेही ब्रेक सुटतो का?
– सातपूर येथील एक सुतार

उत्तर : सुटतो, पण नुसते दमट लाकूड त्याला पुरेसे नसते. चिरताना पाण्याचे तुषार उडावेत इतके ओले लाकूड, किंवा रसायनप्रक्रिया केलेले आणि त्यातच ओले राहिलेले लाकूड वीज वाहून नेते. असे लाकूड आधी पट्टीपट्टीत रचून, मध्ये बारीक काड्या घालून सुकवावे. संशय असल्यास यंत्रावरील किल्लीने संवेदक तात्पुरता निष्क्रिय करून एक चाचणी-काप घ्यावा. लाल दिवा लुकलुकला तर ब्रेक सुटला असता, असे समजावे. ॲल्युमिनियमचा थर असलेले पॅनेल आणि आरशासारखे चकाकणारे ॲक्रिलिक कापतानाही हीच रीत. पंचवटीतील जुन्या वाड्यांचे सागवान कापताना लोक खिळ्यांना घाबरतात. लाकडात दडलेल्या एकट्या खिळ्याने सहसा ब्रेक सुटत नाही, दाते मात्र नक्की जातात.

प्रश्न : मग संवेदक कायमचा बंदच का ठेवू नये?
– वरील वाचक

उत्तर : यंत्र ती सोयच देत नाही. किल्ली फिरवून घेतलेली सूट त्या एका कापापुरती असते. पाते थांबले की पुढच्या सुरुवातीला संवेदक आपोआप जागा होतो. कोणी वायरमन तार जोडून ही अडचण दूर करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे, आणि उरलेल्या पैशांत एक जादा कार्ट्रिज मागवून कपाटात ठेवावे, कारण ब्रेक सुटतो तेव्हा खर्चाइतकाच त्रास पार्सल येईपर्यंत थांबलेल्या कामाचा होतो.