सिनेमांच्या शूटिंगमुळे वाई-मेणवलीत खरंच काही बदललं का?

हो, बदललं, आणि सगळ्यात जास्त बदलली ती बाहेरून येणाऱ्याची नजर. मी वाईचाच, जवळच्या मेणवली गावात येणंजाणं नेहमीचं. तिथल्या कृष्णाकाठच्या घाटावर उतरलेला पाहुणा आधी विचारतो, ‘स्वदेस’चं शूटिंग नेमकं कुठं झालं? सिनेमा २००४ चा, तरी त्याच पायऱ्यांवर उभं राहून फोटो हवा असतो. घाट आणि वरचा वाडा नाना फडणवीसांचा, हे अनेकांना इथं आल्यावर कळतं. छोट्या देवळीत टांगलेली भली मोठी घंटा तर कित्येक जण बघतही नाहीत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ती. आलात तर ती घंटा तेवढी बघून जा, एवढं मनापासून सांगतो. अर्थात, सिनेमा नसता तर यातले बरेच जण मेणवलीला फिरकलेच नसते, हेही खरं. रोजगाराचं म्हणाल तर शूटिंग लागलं की गाड्या, जेवण, गर्दीतली माणसं आसपासच्या गावांतून घेतात. पण ते चार-आठ दिवसांचं काम. हळद-ऊस सोडून त्यामागं गेलेला माझ्या माहितीत कुणी नाही.