अंगात ताप, बाहेर पाऊस, टोपात पेज

पाऊस लागला की या सदराकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात, लोणच्याला बुरशी आली, पापड सादळले, मिठाला पाणी सुटलं. यंदा मात्र अर्धीअधिक पत्रं शिंकत शिंकत लिहिल्यासारखी आहेत, म्हणून या वेळी लोणची-पापड बाजूला आणि फक्त आजारपणातलं गरमगरम पिणं.

प्रश्न : ताई, मी मूळचा पेडण्याचा, नोकरीसाठी पर्वरीला एकटाच भाड्याने राहतो. गेल्या आठवड्यात ताप आला, घसा बसला, आई फोनवर म्हणाली काहीतरी गरम पी. पाकिटातलं सूप केलं, दोन घोट घेतले आणि ओतून दिलं. मोबाइलवर रेसिपी बघितल्या तर कुठे सेलरी, कुठे लीक, कुठे दोन तास स्टॉक उकळा. इथे मला उभंसुद्धा राहवत नव्हतं! एक शेगडी आणि एक छोटा कुकर आहे, मिक्सर नाही. पटकन होईल असं काही सांगा ना. (वाचक, पर्वरी)

अरे बाबा, पेडण्याचा तू आणि सूप शोधायला मोबाइलमध्ये गेलास? तुझ्या आजीने तुझं हे पत्र वाचलं असतं तर आधी कपाळाला हात लावला असता आणि मग पेजेचा टोप चढवला असता. आपलं सूप म्हणजे पेज, दुसरं काय.

आता मुद्द्याचं. पटकन म्हणजे काय ते आधी ठरवूया. आजारी माणसाला पदार्थ किती मिनिटांत शिजतो याच्याशी काही देणंघेणं नसतं, आपल्याला किती मिनिटं उभं राहावं लागतं एवढंच खरं. त्या हिशेबाने पेज पाच मिनिटांची आहे. पाव वाटी उकडे तांदूळ दोनदा धुवायचे, कुकरात चार वाट्या पाणी, बोटभर आलं ठेचून आणि चार मिरी दाताखाली फुटतील इतपत चेचून टाकायच्या, झाकण लावायचं, मध्यम गॅसवर सहा-सात शिट्या, आणि तू जाऊन आडवा हो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नकोस हं, तांदळाच्या पाण्याला फेस येतो आणि तो शिट्टीत जाऊन बसतो, मग पेज कुकरात कमी आणि भिंतीवर जास्त. वाफ आपोआप जिरू दे, घाई करून शिट्टी उचलायला जाऊ नकोस.

उघडलंस की वर पातळ लालसर पाणी आणि खाली फुललेले दाणे दिसतील. पहिल्या दिवशी घसा फारच दुखत असेल तर नुसतं वरचं पाणी पळीने काढून घे, मीठ टाक आणि पी. दुसऱ्या दिवशी थोडे दाणे, तिसऱ्या दिवशी पळी खालपर्यंत घाल. सोबत तोर, म्हणजे मिठात मुरलेली कोवळी कैरी, असेल तर मग विचारूच नकोस, मिठातलं ते सुरकुतलेलं आंबट बोटाने नुसतं दाबलं तरी तोंडाला पाणी सुटतं, आणि तापात तोंडाला पाणी सुटणं ही काय साधी गोष्ट नाही. तोर नसेल तर दोन सोलां (आमसुलं) वाटीतच टाक, कुकरात नको, तुझा कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर आंबट त्यात उकळलेलं बरं नाही.

आणि अगदीच पंधरा मिनिटांत हवं असेल तर फ्रीजमधला कालचा भात घे. एक वाटी भात, अडीच वाट्या पाणी, आलं, मिरी, चिमूटभर जिरं, पळीच्या पाठीने मधून मधून चेचत दहा मिनिटं उकळ, झालं. किराणा दुकानात तांदळाची कणी मिळते ती अर्धा किलो आणून ठेव, तीसुद्धा पंधरा मिनिटांत मऊ होते. पण हे सगळं बरा असताना आणून ठेवायचं, ताप चढल्यावर रेनकोट घालून कणी आणायला कोण जाणार?

एक सांगते, हसू नकोस. मागे एकदा मलाच ताप होता आणि कुकर घासायचा कंटाळा, म्हणून उघड्या टोपात पेज ठेवली आणि म्हटलं जरा पाच मिनिटं पडते. जाग आली ती वासाने. टोपाचा तळ असा काळा झाला होता की सोडा घालून उकळून उकळून चार दिवस घासला तरी मधे पैशाएवढा डाग राहिलाच, अजून आहे. तेव्हापासून आजारपणात मी फक्त कुकर वापरते, तो निदान ओरडून उठवतो. टोपातच करायची असेल तर मोबाइलचा गजर लाव, खरंच लाव.

बाकी, पेज म्हणजे गरिबाचं खाणं असं कोणी म्हणालं तर त्याला 1563 सालची गोष्ट सांग. त्या वर्षी गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक आपल्या गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात त्याने लिहून ठेवलंय की इथे आजाऱ्याला तांदळाचं पाणी मिरी आणि जिरं घालून देतात, त्याला कांजी म्हणतात. पणजीला चर्चजवळच्या ज्या बागेत आपण शेंगदाणे खात बसतो ना, तिला याच माणसाचं नाव आहे. मिरी, जिरं, तांदळाचं पाणी, साडेचारशे वर्षांत आपण रेसिपी बदललेली नाही!

आणि हे मात्र नीट वाच. पावसात गोव्यात डेंग्यू असतो, लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) असतो, ताप दोन दिवसांच्या वर राहिला, डोळ्यांमागे दुखायला लागलं, अंगावर पुरळ आलं किंवा उलट्या थांबेनात तर पेज बाजूला ठेव आणि डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घे. अंग दुखतंय म्हणून मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नकोस, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती वाढते.

प्रश्न : आमच्या घरी सगळे शिवराक (शाकाहारी). मुलाला सर्दी झाली की जाऊबाई म्हणतात, चिकन सूप दिल्याशिवाय सर्दी हटत नाही, शास्त्रज्ञांनीसुद्धा सिद्ध केलंय. खरंच का हो ताई? आम्ही काय करायचं मग? (वाचिका, फोंडा)

जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत, आणि त्यांना अर्धंच सांगायचं असेल तर इथे वाचन थांबवा!

झालं होतं असं की 2000 साली छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या एका फुप्फुसतज्ज्ञाने बायकोच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्यांचं चिकन सूप प्रयोगशाळेत नेलं आणि बघितलं तर आपल्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी सर्दीत गर्दी करून सूज वाढवतात त्यांची धावपळ त्या सुपाने कमी झाली. पण हे सगळं काचेच्या भांड्यात, माणसाच्या नाकात नाही. आणि जाऊबाईंनी न सांगितलेली गोष्ट अशी की त्या सुपात पडलेल्या भाज्या वेगवेगळ्या तपासल्या तेव्हा त्यांच्यातही तो गुण दिसला. म्हणजे कोंबडीच पाहिजे असं काही नाही. सर्दी तशीही आठवड्या-दहा दिवसांनी आपल्या पायाने जाते, आपण गरम पाजतो ते त्या दिवसांत घसा शेकावा, नाक सुटावं आणि पोटात पाणी जावं म्हणून.

तुम्ही कुळथाचं सार करा. घरात कुळथाचं भाजून दळलेलं पीठ ठेवा (हे पावसाआधी करून ठेवायचं काम, आता विकतचं आणा). दोन मोठे चमचे पीठ आधी वाटीभर गार पाण्यात कालवा, गार पाण्यात म्हणतेय मी, उकळत्या पाण्यात पीठ भुरभुरवलं की अशा गाठी होतात की वाटतं सारात कुणी गोळ्या टाकल्यात, आणि आजारी पोरगं त्या एकेक करून काढत बसतं. खोबरेल तेलाची फोडणी, त्यात पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, लालसर होईपर्यंत, मग जिरं, हिंग, दोन वाट्या पाणी, उकळी आली की कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत कच्चा वास जातो आणि सार चकाकायला लागतं, मग मीठ आणि दोन सोलां. पळीवरून सरसर पडलं पाहिजे, पिठल्यासारखं घट्ट झालं तर गरम पाणी वाढवा. लसूण चालत नसेल त्या दिवशी आलं आणि मिरी घाला, चव वेगळी लागते पण लागते छान.

कोंबडी खाणाऱ्यांनी रुसू नये म्हणून : आपल्याकडच्या ख्रिश्चन घरांत आजाऱ्याला कांजा करतात, हाडासकट कोंबडीचे चार तुकडे, मूठभर तांदूळ, कांदा, आलं, मिरी, मीठ, कुकरला चार शिट्या आणि वरून लिंबू. हा शब्द बघा कसा फिरलाय, आपली कांजी बोटीत बसून पोर्तुगालला गेली, तिथे तिच्यात कोंबडी पडली आणि नाव झालं कांजा. मडगावला आमच्या शेजारी एक आँटी होत्या, त्यांच्या घरी कुणाला ताप आला की आम्हाला कळायचं ते वासाने, आणि वास आला की आमचा धाकटा मुद्दाम खोकायचा.

प्रश्न : तोंडाला चवच नाही, सुपात कितीही मीठ घातलं तरी पाणचट लागतं, काय करू? (वाचक, डिचोली)

मिठाचा डबा खाली ठेवा आधी! चव गेली ती जिभेची नाही, नाकाची. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, घास तोंडात असताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि नाक चोंदलं की तो रस्ता बंद. जिभेला आंबट, खारट, गोड, कडू असं कळतं, आणि तिखटाची आग कळते कारण ती चव नाहीच, ती झणझण आहे, तिचा रस्ता वेगळा. म्हणून आजारपणात आंबट आणि मिरी वाढवा, मीठ नेहमीइतकंच. सोलां, लिंबू, तोर जे हाताशी असेल ते. आणि प्यायच्या आधी दोन मिनिटं वाटी नाकाखाली धरून बसा, चष्म्यावर वाफ येऊ द्या, नाक जरा सुटलं की तेच सूप वेगळं लागेल.

प्रश्न : सासऱ्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, पेज चालेल का? (वाचिका, काणकोण)

पातळ, खूप शिजलेल्या तांदळाने साखर पटकन चढते, त्यामुळे वाटीच्या वाटी नको. त्यांना मुगाचं कढण द्या, मूग भाजून मऊ शिजवायचे, घोटून पातळ करायचे, आलं-जिरं आणि लिंबू. मीठ कमीच, पाकिटातलं सूप आणि तोर-लोणचं तर नकोच, त्यात मीठ फार. जेवण कमी झालं असेल तर शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, मला नका विचारू.

प्रश्न : एकदा केलेली पेज किती दिवस ठेवता येते? (वाचक, साखळी)

आपल्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर अजिबात नाही. शिजलेल्या तांदळात असे जंतू वाढतात की नंतर उकळलं तरी त्यांचं विष जात नाही, मग सर्दीच्या जोडीला उलट्या. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजमध्ये ती खरवसासारखी थापून बसते, घाबरू नका, निम्मं पाणी घालून पळीने मोडा आणि खदखदून उकळा, मीठ पुन्हा चाखून बघा, पाणी वाढलं की ते कमी पडतं.