नवं लावायचंच, पण कुठे?

मालवणच्या होमस्टे बुकिंगची तुझी साइट टॉमकॅट (जावातल्या साइट चालवणारा सर्व्हर) ९ वरून १०.१ वर न्यायची म्हणतोस. आकडा छोटा दिसतो, पण मध्ये जावाच्या पॅकेजांची (कोडच्या गठ्ठ्यांची) नावंच ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली आहेत. तुझा कोड तू बदलशील रे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या लायब्रऱ्यांचं काय? आधी ते तपास. आणि हे काम ऐन गर्दीच्या मे महिन्यात काढू नकोस. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद झाल्या की कर. (तेव्हा वीज जाते खरी, पण सर्व्हर तुझ्या पडवीत थोडाच आहे!)

थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकेक काम चालवणारा धागा; हजारोंनी काढता येणाऱ्या हलक्या, व्हर्च्युअल थ्रेडचा मोह मला कळतो. जावा २१ मध्ये, २०२३ साली, ते पक्के झाले. तरी सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या कोडमध्ये) अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही धरून बसायचा. ते जावा २४ मध्ये, २०२५ साली सुधारलं. म्हणून घ्यायचेच तर जावा २५ वर घे, ती दीर्घ मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती आहे. पण थ्रेड हजारो झाले तरी डेटाबेसची कनेक्शनं तेवढीच राहतात. गर्दी फक्त तिकडे सरकते. तुझ्या साइटला व्हर्च्युअल थ्रेडची गरज आहे असं मला तरी वाटत नाही.

एचटीटीपी/३ (ब्राउझर आणि सर्व्हरने बोलायची नवी पद्धत) मात्र खुशाल लाव, टॉमकॅटसमोर उभं राहून विनंत्या आत देणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर; त्याच्या १.२५ आवृत्तीपासून सोय आहे. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून येणाऱ्या पाहुण्यांचं नेटवर्क सारखं बदलतं, तिथे ते कामी येतं. नाहीच जमलं तर ब्राउझर आपोआप एचटीटीपी/२ वर येतो. फक्त फायरवॉलमध्ये ४४३ क्रमांकाचं पोर्ट यूडीपीसाठीही (एचटीटीपी/३ याच मार्गाने जातं) उघड.